अर्धा ओठ बारामतीत

कळंबच्या महिपती घोगऱ्यांच्या आडनावानं पुष्कळ लोक फसतात. आडनाव घोगरे, आणि आवाज असा खणखणीत की मांडवाच्या तोंडाशी उभं राहून ते नुसतं "या, या" म्हणाले तरी मागच्या रांगेत पेंगणारा म्हातारा दचकून ताठ बसतो. इंदापूर तालुक्यात ज्यानं म्हणून लग्नं जेवली आहेत, त्यानं महिपतीआबांना ऐकलेलं आहे. पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा आणि हातात माईक. कोण आलं, कुठून आलं, नवरीचा कोण लागतो, हे सगळं ते कागदाकडं न बघता सांगतात. कुणाच्या आधी कुणाचं नाव घ्यायचं यावरून मांडवात मारामाऱ्या झालेल्या आहेत. पण माईक आबांच्या हातात असला की रुसून गेलेला पाहुणाही हसत माघारी येतो.

हा आवाज त्यांना पाखरांनी दिला. लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून ते पाखरं राखायचे. त्यांच्या आरोळीनं नीरा नदीच्या पलीकडं माळशिरस तालुक्यातली पाखरंसुद्धा उडायची, असं त्यांची आई सांगायची. पुढं मानसिंग नावाच्या त्यांच्या जिवलग दोस्ताचं लग्न होतं. ऐन स्वागताच्या वेळी लाइट गेली, माईक मुका झाला आणि माईकवाला तोंड वासून उभा राहिला. तेव्हा महिपती बाजेवर चढले आणि उघड्या तोंडानं त्यांनी सगळ्या पाहुण्यांची नावं पुकारली. लाइट आली तरी लोकांनी त्यांना खाली उतरू दिलं नाही. त्या दिवसापासून ते आजपर्यंत ते बाजेवरून उतरलेच नाहीत म्हणायचे.

घरी मात्र वेगळा कारभार. पेरूची आणि डाळिंबाची बाग, दोन म्हशी, डेअरीला दूध घालणं हे सगळं त्यांच्या पत्नी संजीवनीबाई बघायच्या. त्या हळू बोलायच्या, आणि घरात त्यांचंच चालायचं.

अशा माणसाची उजवी खालची दाढ किडली.

सुरुवात पेरूपासून झाली. बागेत उभं राहून एक टणक पेरू फोडला, आणि त्यातली एक बी दाढेच्या खड्ड्यात अशी जाऊन बसली की आबांच्या डोळ्यांपुढं भरदुपारी चांदणं पडलं. मग लवंग झाली, तुरटी झाली, मिठाच्या पाण्याच्या चुळा झाल्या. लगीनसराई ऐन भरात होती. आबा डाव्या बाजूनं जेवत, उजव्या बाजूनं कण्हत आणि मधल्या वेळात माईकवर बोलत. शेवटी एका सकाळी उठले तर गाल असा टरारलेला की फेटा बांधायला घेतला तो एका बाजूला कलंडायला लागला.

"चला," संजीवनीबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"बारामतीला. दातवालीकडं."

बारामतीत भिगवण रस्त्याला डॉक्टर संस्कृती यांचा दवाखाना होता. ही मुलगी मूळची कोऱ्हाळे बुद्रुकची, ऊसवाल्यांच्या घरातली. शिकून आली, दवाखाना काढला, पण बोलणं रानातलंच राहिलं होतं. तिनं फोटो काढला, दाढ वरून थोडी उघडून आतला ताण मोकळा केला, गोळ्या दिल्या. आबांना त्या दिवशी कितीतरी दिवसांनी झोप लागली. सूज उतरली. आणि मग डॉक्टरबाईंनी पुढचं सांगितलं.

"आबा, रूट कॅनल करावं लागणार. दाढेच्या मुळांच्या आत बारीक नळ्या असतात, त्यात घाण साठलीय. तुमची एक नळी वाकडी हाय आणि तिला फाटे फुटल्यात. नुसत्या औषधानं तिथवर पोचणं अवघड. म्हणून पुढच्या वेळी आपण लेझर वापरू."

महिपतींनी "लेझर" हा शब्द ऐकला आणि ते खुर्चीतच ताठ उठून बसले.

कारण लेझर म्हणजे काय ते त्यांना चांगलं माहीत होतं. वरातीत डीजेच्या गाडीवरून हिरव्या-लाल तलवारी आभाळात फिरतात, तो लेझर. मागल्या वर्षी एका वरातीत तो एका पोराच्या डोळ्यात गेला आणि त्या पोराला महिनाभर समोर काळा ठिपकाच दिसत होता. तेव्हापासून आबा प्रत्येक लग्नात माईकवरून विनवायचे, की बाबांनो, ते लेझर बंद करा. कुणी ऐकायचं नाही. आणि आता तोच लेझर त्यांच्या तोंडात घालणार म्हणे!

"डोस्क्यातनं आरपार निघंल की!" बाहेर आल्यावर ते म्हणाले.

"तुमच्या डोस्क्यात काय आडवं येतंय तवा," संजीवनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची तारीख घेतली.

ती तारीख नेमकी मानसिंगच्या लेकीच्या लग्नाची निघाली. मानसिंगची धाकटी छकुली, तिचं लग्न इंदापूरला, गोरज मुहूर्तावर. पण डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली होती. दुपारपर्यंत भूल उतरेल, संध्याकाळी खुशाल माईक धरा, असा हिशेब होता. त्याप्रमाणं दोघं लग्नाच्या कपड्यांतच घरून निघाले. आबा फेट्यासकट, संजीवनीबाई काठपदराच्या जांभळ्या साडीत. वाहन त्यांची स्कूटी. ती चालवायच्या संजीवनीबाई, कारण दुधाच्या किटल्या डेअरीला नेता नेता त्या अशा पटाईत झाल्या होत्या की मागं नवरा बसलाय का किटली, त्यांना फरक पडत नसे.

दवाखान्यात बसल्यावर पाचच मिनिटांत आतून आवाज आला. किर्रर्र. आबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"चपला नीट काढल्यात का बघून येतो," ते म्हणाले आणि गेले.

चपला नीट होत्या. आबांनी त्या पायात घातल्या आणि चालायला लागले. चालता चालता पळायला लागले. गुलाबी फेट्याचा शेमला वाऱ्यावर उडतोय, असा एक भारदस्त माणूस बारामतीच्या भर रस्त्यानं एसटी स्टँडकडं धावताना लोकांनी बघितला. कुणाला वाटलं, नवरदेवाचा बाप असावा आणि नवरदेव हरवला असावा.

इंदापूरची गाडी उभीच होती. आबा चढले, खिडकीशी बसले आणि त्यांनी फेटा काढून मांडीवर घेतला. पण कंडक्टरनं तिकीट मागितल्यावर तोंडातून कळंबच्या फाट्याचं, "जंक्शन द्या एक" एवढं निघालं आणि पंचाईत झाली.

"अवो, महिपतीआबा!" कंडक्टर म्हणाला. "आमच्या लग्नात तुमीच होता की माईकवर! आवाजावरनं वळीखलं."

गाडीतली माणसं वळून बघायला लागली. कुणाच्या मामाच्या लग्नात ते होते, कुणाच्या पुतणीच्या. गप्पा अशा रंगल्या की गाडी हलली तेही आबांना कळलं नाही. आणि स्टँडच्या फाटकाशी येऊन गाडी करकचून थांबली.

पुढं स्कूटी आडवी लावून संजीवनीबाई उभ्या होत्या.

त्या गाडीत चढल्या. ओरडल्या नाहीत. आबांच्या पुढ्यात उभ्या राहून त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "उतरा."

"अगं, मानसिंगच्या घरी कामं हायती..."

"हे दवाखान्यातनं पळून आल्यात," संजीवनीबाईंनी सगळ्या गाडीला सांगितलं. "दाढ दाखवायला भ्यात्यात."

मग काय विचारता! सगळी गाडीच सुरू झाली. "उतरा आबा!" "कायसुदीक व्हत न्हाय आबा!" मागच्या बाकावरची एक आजी तर उठून उभी राहिली आणि तोंड उघडून म्हणाली, "ही बघ, ही बघ! माज्या दोन केल्यात. म्या भ्याले न्हाय, आन तू मिशीवाला असून भितूस व्हय?" ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. त्या हॉर्नच्या तालावर आणि लोकांच्या टाळ्यांत आबा खाली उतरले. त्यांना लाजही वाटत होती आणि का कोण जाणे, हसूही फुटत होतं.

पण त्यांची सकाळची वेळ हुकली होती. डॉक्टरांकडं दुसरे पेशंट होते. नंबर लागला तेव्हा दुपार कलली होती.

"डॉक्टरीणबाई," खुर्चीत आडवे होता होता आबा म्हणाले, "एक डाव खरं सांगा. ते लेझर डोळ्यात गेलं म्हंजी?"

"जाऊ नये म्हणून तर चष्मे हायत," डॉक्टर म्हणाली. "तुम्हालाही, मलाही, खोलीत असंल त्या प्रत्येकाला. आणि आबा, तो काही जादूचा दिवा नाही. नळी बारीक तारेनं घासून साफ मलाच करायचीय. तुमच्या बागेला ठिबक हाय ना?"

"हाय की."

"नळीत क्षार बसल्यावर काय करता?"

"ॲसिड सोडतो."

"तेवढ्यानं निघतं?"

"कुठलं! नळी झटकावी लागती, पाणी जोरात सोडावं लागतं, तवा कुठं सुटतं."

"मग तेच. औषध मी सोडणार, आणि ते आत झटकायचं काम लेझर करणार. कोपऱ्याकोपऱ्यात, फाट्याफाट्यात."

ठिबकचं उदाहरण ऐकून आबांचा जीव एकदम भांड्यात पडला. ज्या बाईला ठिबक कळतं, तिच्या हातात दाढ द्यायला हरकत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग सुई आली. मुंगी चावावी तेवढं दुखलं, आणि थोड्या वेळानं उजवा ओठ, अर्धी जीभ आणि हनुवटी हळूहळू कुठंतरी निघून गेली. दाढेभोवती एक रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, म्हणजे औषध घशात जाणार नाही. त्यामुळं बोलणं बंद. महिपती घोगरे जागेपणी इतका वेळ गप्प राहिल्याची ही पहिलीच वेळ.

तारेचं काम झालं. मग औषधाचा वास आला, पंचायतीच्या टाकीत पावडर टाकल्यावर येतो तसा. डॉक्टरनं आबांच्या डोळ्यांवर मोठा हिरवा चष्मा चढवला. स्वतः घातला, मदतनीस मुलीनं घातला.

"मी यांचा हात धरून बसू का?" दारातून संजीवनीबाईंनी विचारलं.

"बसा, पण चष्मा घालून."

आबांनी मान किंचित वळवून बघितलं. काठपदराची जांभळी साडी, केसांत अबोलीचा गजरा, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि त्याच्याखाली बेडकाच्या डोळ्यांसारखा तो हिरवागार चष्मा! अशा थाटात त्यांची अर्धांगिनी गंभीर चेहऱ्यानं स्टुलावर बसली आणि तिनं त्यांचा हात हातात घेतला.

आबांच्या पोटात काहीतरी हललं. आधी पोट थरथरलं, मग खांदे. तोंडाला पडदा बांधलेला, हसू बाहेर पडायला वाट नाही. ते नाकातून फुर्र फुर्र करायला लागले.

"दुखतंय का आबा?" डॉक्टर घाबरून थांबली.

आबांनी मान हलवली आणि बोटानं बायकोकडं दाखवलं. डॉक्टरनं बघितलं. तिनं ओठ दाबून धरले, मदतनीस मुलगी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. संजीवनीबाईंनी समोरच्या काचेच्या कपाटात स्वतःचं रूप बघितलं, आणि हळू बोलणारी ती बाई अशी मोठ्यानं हसली की बाहेरच्या पेशंटांना वाटलं, आत दातांचं नाही, दुसरंच काहीतरी चाललंय.

सगळ्यांचं हसून झाल्यावर लेझर सुरू झाला. आबा वाट बघत होते की आता तलवार फिरणार, आता डोक्यातून आरपार जाणार. तर एक काडीएवढी नळी तोंडात आली आणि दाढेत नुसतं तडतड, तडतड व्हायला लागलं. फोडणीत मोहरी तडतडते ना, अगदी तसं. बस्स. थोडं तडतडलं, मग औषध बदललं, पुन्हा तडतडलं.

शेवटी डॉक्टरनं नळ्या भरल्या, वरून तात्पुरतं सिमेंट बसवलं. "झालं," ती म्हणाली.

"झालं?" पडदा निघाल्यावर आबांनी विचारलं. म्हणजे विचारायला गेले. तोंडातून "झाऊं?" असं काहीतरी निघालं.

डॉक्टरनं ताकीद दिली. भूल उतरेपर्यंत काही खायचं नाही, नाहीतर स्वतःचाच ओठ चावाल. त्या दाढेवर टोपी बसेस्तोवर कडक काही फोडायचं नाही. "आणि आबा, आता घरी जाऊन आराम करा."

आबांनी आणि संजीवनीबाईंनी एकमेकांकडं बघितलं. मुहूर्त इंदापूरला होता, आणि ऊन खाली यायला लागलं होतं.

ती स्कूटी त्या दिवशी बारामती-इंदापूर रस्त्यानं जी सुटली, ती बघणाऱ्यांच्या अजून लक्षात असेल. भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. संजीवनीबाई पदर खोचून त्या रांगेतून अशा वाट काढत होत्या की ट्रॅक्टरवाले शिट्ट्या वाजवायला लागले. मागं आबा एका हातानं फेटा आणि दुसऱ्या हातानं हनुवटी धरून बसलेले, कारण हनुवटी आहे की वाटेत पडली हे त्यांना कळत नव्हतं. दाढेचा ठणका मात्र पार गेला होता. ठणका नसलेलं डोकं इतकं हलकं असतं हे ते विसरूनच गेले होते. लासुर्णे गेलं, जंक्शन गेलं. आबांना एकदम इतका आनंद झाला की त्यांनी ज्वारीच्या रानातली जुनी आरोळी ठोकली. अर्ध्या तोंडातून ती कशीतरीच वेडीवाकडी निघाली, आणि शेजारच्या उसातून बगळ्यांचा थवा उठला.

"गप बसा! लाळ उडतीया!" संजीवनीबाई ओरडल्या, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. निमगाव केतकी येईपर्यंत दोघंही हसतच होते.

मांडवात मानसिंग डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होते. "आलास बाबा! पाव्हणे आल्यात, मुहूर्त जवळ आलाय, स्वागत व्हायचंय. घे माईक."

"मानशा, फण माजा ओठ..." आबांनी सांगायचा प्रयत्न केला, पण मानसिंगनी माईक हातात कोंबला आणि ते वऱ्हाडाकडं पळाले.

आबांनी मांडवाकडं नजर फिरवली. इंदापूरपासून अकलूजपर्यंतची माणसं भरलेली. पहिल्या रांगेत पिंपरीचे पोलीस पाटील पोपटराव बसलेले. हे नवरदेवाचे आजोबा. पांढऱ्याशुभ्र मिशांचा, जन्मात कधी न हसलेला माणूस. त्यांच्याच स्वागतानं सुरुवात करायची, हे ठरलेलं. आबांनी खाकरून घेतलं आणि नेहमीच्या थाटात छाती भरून सुरुवात केली.

"सर्व फाहुण्यांचं मनःफूर्वक स्वागत!"

कुणीतरी खुसखुसलं. आबांना स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. 'प' म्हणायला दोन्ही ओठ एकमेकांना भेटावे लागतात, आणि त्यांचा एक ओठ तर भेटीला येतच नव्हता. पण इतक्या वर्षांची सवय. सुरू झालेली गाडी थांबेना.

"सर्वफ्रथम, फिंफरीचे फोलीस फाटील फोफटराव..."

मागच्या रांगेतून आवाज आला, "काय फाटील, आबा?"

मांडवात हास्याचा जो फुगा फुटला, तो फुटला. बायका पदरात तोंड खुपसून हलायला लागल्या. मानसिंग मांडवाच्या खांबाला धरून पांढरेफटक पडले. लेकीच्या आजेसासऱ्याचा भर मांडवात असा पाणउतारा! सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेकडं वळल्या. हसू हळूहळू विरलं. पोलीस पाटील उठले. सावकाश चालत आबांपुढं आले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. त्यांनी हात पुढं करून माईक स्वतःच्या तोंडाशी ओढला.

"आबा," ते म्हणाले, "फरत म्हना."

आणि तो जन्मात न हसलेला माणूस असा हसायला लागला की त्यांच्या सुनेनं पाण्याचा तांब्या घेऊन धाव घेतली. पोपटरावांच्या डोळ्यांतून पाणी, आबांच्या अर्ध्या तोंडातून लाळ. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हलताहेत, आणि सगळा मांडव टाळ्या वाजवतोय.

आबांनी डोळे पुसले. "मंडळी, माफ करा," ते म्हणाले. "मी आत्ताच दाढंचं काम करून आलोय. अर्धा ओठ बारामतीतच ऱ्हायलाय, मागनं येतोय. तवर एवढ्यावर भागवून घ्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पळून गेल्याचं, एसटीचं, फाटकात आडव्या लावलेल्या स्कूटीचं, हिरव्या चष्म्याचं. संजीवनीबाई बायकांच्या घोळक्यात लाजून लाल झाल्या होत्या, आणि लाजता लाजता त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या बायका आपल्याकडं फार कौतुकानं बघताहेत. स्वागताची पुढची नावंही आबांनी तशीच घेतली. फळसदेवचे, फडस्थळचे, फंढरफूरचे, सगळ्यांची. गंमत अशी की ज्यांच्या नावात 'प' नव्हता, ते बिचारे हिरमुसले.

तेवढ्यात नवरी आली. डीजे दणाणला, धूर सुटला आणि लेझरच्या हिरव्या तलवारी मांडवभर फिरायला लागल्या. पुढं बसलेली लहान पोरं त्या किरणांकडं तोंडं वर करून बघत होती.

आबांनी माईक पुन्हा उचलला. या वेळी ते हसले नाहीत.

"विजयसिंह," त्यांनी डीजेवाल्याला हाक मारली. "दुफारी हाच लेझर माज्या तोंडात व्हता. काडीएवढा. त्यो चालू करायच्या आदी डॉक्टरीणबाईनं सगळ्यांला चष्मे घातले. मला, सोताला, माज्या बायकूला. खोलीत माशी असती तर माशीला घातला असता. आन तू ह्या लेकरांच्या डोळ्यांवर उघडा मारतुयास?"

विजयसिंहनं खांदे उडवले आणि नवरदेवाकडं बोट दाखवलं. फर्माईश त्याची होती. नवरदेव संदेश घोड्यावरून नुकताच उतरला होता. त्यानं एकदा पोरांकडं बघितलं, एकदा आपल्या आजोबांकडं. मग हात वर करून म्हणाला, "बंद करा ते."

तलवारी विझल्या. साध्या दिव्यांच्या उजेडात छकुली चालत आली आणि सगळ्यांना तिचा चेहरा नीट दिसला. ती इतकी हसत होती की तिच्या मुंडावळ्या हलत होत्या. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी नवरा-नवरी खुदुखुदु हसताहेत आणि भटजींनी मंगलाष्टकं मध्येच थांबवून "आता जरा गंभीर व्हा" म्हणून सांगितलंय, असं लग्न इंदापुरात त्याआधी झालं असेल असं वाटत नाही.

जेवणाच्या वेळी आबांची खरी परीक्षा झाली. समोर जिलबी, मसालेभात, आणि शेजारी संजीवनीबाई पहाऱ्याला. "भूल उतरली का?" दर थोड्या वेळानं त्या विचारायच्या आणि आबा ओठाला चिमटा काढून मान हलवायचे. शेवटी हनुवटीत मुंग्या आल्या, ओठ जड झाला आणि हळूच परत जागेवर आला. आबांनी आधी हळूच "पाटील" म्हणून बघितलं. मग "पोपटराव" म्हणून बघितलं. स्वच्छ 'प'! मग त्यांनी डाव्या बाजूनं जिलबी खाल्ली, अशी मनापासून की पंगतीत वाढणारे त्यांच्यापुढंच उभे राहिले.

पुढं दाढेवर टोपी बसली. आबा दोन्ही बाजूंनी जेवायला लागले. लोकांनी मात्र एक नवाच तगादा लावला, लग्न ठरलं की फोन यायचा, "आबा, आमच्याकडं त्या फोफटरावांसारखं बोला." आबांनी एकदा करून बघितलं. दोन्ही ओठ शाबूत असताना ते जमेना, कुणी हसेना, उलट एका पाहुण्याला वाटलं आपली चेष्टा चाललीय. तेव्हापासून ते नाही म्हणतात. पण आणखी एक झालं. तालुक्यातल्या इतर माईकवाल्यांनीही मांडवातून डीजेवाल्यांना टोकायला सुरुवात केली. सगळे ऐकतात असं नाही. काही ऐकतात.

आणि कळंबची माणसं दवाखान्यात जायला लागली. ज्यांना भीती वाटते त्यांना आबा स्वतः घेऊन जातात, आणि दवाखान्यात शिरल्यावर दाराशी बसतात, कुणी चपला बघायला उठलं तर अडवायला.

परवा त्यांच्या शेजारचे गेणबा हट्टालाच पेटले. वय पंच्याऐंशीच्या घरात, तोंडाचं पार बोळकं. "मलाबी लेझर मारून आन."

"तात्या, कशावर मारायचं? दात कुठं हायती?"

"ते डॉक्टरीण बघंल की. तू ने तर खरं."

आबांनी नेलं. डॉक्टर संस्कृतीनं गेणबांना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, दिवा पाडून सगळीकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "तात्या, लेझर नको तुम्हाला. कवळी करू, मस्त."

"आन मग लेझर कवा?" गेणबांनी विचारलं.

"कवळीला कीड लागली की," डॉक्टर अगदी शांतपणे म्हणाली.

गेणबांचं समाधान झालं. मान डोलावत ते बाहेर आले आणि ताटकळलेल्या सगळ्या पेशंटांना त्यांनी मोठ्या रुबाबात सांगितलं की आपला नंबर लागलेला आहे, फक्त थोडा वेळ आहे. महिपतीआबा तोंडावर शेमला दाबून जिन्यात जाऊन बसले.